मासा ताटात बरा की बाटलीत?

अन्नघटकांचा पाठ शिकवताना आपण मुलांना सांगतो, ‘चरबी जास्त खाऊ नका, हृदयाला वाईट.’ मग एखादं पोर हमखास विचारतं, ‘सर, मग माशाचं तेल चांगलं कसं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र पालकांपर्यंत अर्धंच पोचलंय, म्हणून तर घरोघरी पिवळ्या कॅप्सूलच्या बाटल्या दिसतात.

याची सुरुवात ग्रीनलंडात झाली. 1970 च्या सुमारास बांग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं. सील आणि मासे, म्हणजे आहार चरबीचाच. तरी रक्तात ट्रायग्लिसराइड कमी! कारण त्या चरबीतली ओमेगा-3 आम्लं, इपीए आणि डीएचए. यांच्यामुळे यकृत ट्रायग्लिसराइड कमी बनवतं. प्लेटलेट्स एकमेकींना कमी चिकटतात, म्हणजे धमनीत गुठळी होण्याचा कल घटतो. रक्तदाबही थोडासा उतरतो. इथवर सगळं खरं आहे. पण त्या दोघांनी लोकांची हृदयं तपासली नव्हती, हे सांगायचं नेमकं राहून जातं.

तपासणी पुढे झाली. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत 25,871 जण होते. निम्म्यांना रोज 1 ग्रॅमची माशाच्या तेलाची कॅप्सूल, बाकीच्यांना नकली. पाचेक वर्षांनी, 2018 मध्ये निकाल आला: हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू असं सगळं मिळून पाहिलं तर दोन्ही गटांत ठळक फरक नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्यांना डॉक्टर मोठा डोस देतात, ती गोष्ट वेगळी. तो मनाने घेऊ नये, कारण जास्त डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, धडधाकट माणसाने बाटलीचे पैसे बाजारात घालवावेत. बांगडा, तारली घ्या. पापलेटचा रुबाब त्यांना नाही, पण ओमेगा-3 भरपूर. आठवड्यातून दोनदा कालवण करा. तेलात खरपूस तळलेली तुकडी जिभेला कितीही आवडो, ती यात धरू नका. मासा ताटात आला की तेवढं मटण किंवा फरसाण मागे सरतं, हा फायदा कॅप्सूल कुठून देणार?

शाकाहारी पालक लगेच जवसाचं विचारतात. जवसातलं ओमेगा-3 वेगळं असतं, शरीर त्यातलं थोडंच इपीएमध्ये बदलतं. तरी जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज खायला काहीच हरकत नाही. मुलांना डब्यातही द्या.