सुरतला घर हलवताय? टेम्पोआधी पोराची शाळा ठरवा



आखाजी जवळ आली की आमच्या शाळेच्या दारात दरवर्षी एक ठरलेला संवाद होतो. सुरतेहून काका किंवा मामा सुट्टीला आलेला असतो. त्याने डिंडोलीत नाहीतर लिंबायतमध्ये रूम बघून ठेवलेली असते, लूमवर शेठशी बोलणं झालेलं असतं. मग एका सकाळी वडील येतात, चपला बाहेर काढून दारातच उभे राहतात. "मॅडम, आम्ही सुरतले चालनूत. पोऱ्याना दाखला दी द्या." कधी निघताय, असं विचारलं तर उत्तर येतं, "परवा. टेम्पो ठरी गया."

म्हणजे बघा, रूमचं डिपॉझिट ठरलं, टेम्पोचं भाडं ठरलं, गव्हाचे कट्टे किती न्यायचे ते ठरलं, शेळी कुणाकडे ठेवायची तेही ठरलं. गॅसच्या टाकीचा विचार झाला. पोरगं कोणत्या शाळेत जाणार, हे मात्र "तिथं गेल्यावर पाहू." जणू दाखला हे रेल्वेचं तिकीट आहे, हातात पडलं की काम झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, घर हलवायची यादी कराल तेव्हा पोराची शाळा पहिल्या ओळीत लिहा. रूमसुद्धा शाळा बघून घ्या. आणि हे सांगण्याआधी आम्हा शिक्षकांची एक चूक कबूल करते, कारण दोष सगळा पालकांचा नाही.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तिसरीतल्या एका मुलाचे वडील दाखला मागायला आले. तेव्हा शाळेचा चार्ज माझ्याकडे होता आणि पट होता बरोबर 61. ज्यांना हा आकडा कळतो ते शिक्षक आत्ताच हसले असतील. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 मुलांना 3 शिक्षक. एक पोरगं गेलं की तिसरं पद धोक्यात. संचमान्यतेला 30 सप्टेंबरचा पट धरतात. मी त्या वडिलांना गोड बोलून म्हणाले, "दादा, ऑक्टोबरमध्ये या ना. तोवर तिथं असंच बसवा शाळेत."

ते काही बोलले नाहीत. मान हलवून गेले. तिथल्या शाळेने सांगितलं, आधी दाखला आणा. पोरगं घरीच राहिलं. आई-वडील कामावर आणि हा धाकट्या बहिणीला सांभाळत रूमवर. दिवाळीत ते गावी आले तेव्हा तो मला भेटायला आला. जूनमध्ये धडा घडाघडा वाचणारा मुलगा जोडाक्षराशी अडकत होता. माझं पद वाचलं आणि त्याचे तीन महिने गेले.

कायदा मला माहीत नव्हता असं नाही. टीईटीच्या अभ्यासात पाठ केला होता. कलम 5 सांगतं की, मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात लिहिलंय. आणि पालकांनी पाठ करावी अशी गोष्ट पुढेच आहे : दाखला यायला उशीर झाला, या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, लांबवूही शकत नाही. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, गुजरातेतही तोच. तिथल्या शाळेने चूक केली हे खरं. पण चुकीची सुरुवात माझ्या टेबलावर झाली होती.

पटाची भीती खोटी नाही, मला कळते. दोन शिक्षकांत पाच वर्ग सांभाळणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पण ती लढाई शिक्षण विभागाशी लढायची, पोराच्या दाखल्यावर बसून नाही.

आता पालकांकडे वळते.

खान्देश आणि सुरत हे नातं आजचं नाही. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे उधन्याला पोचवते, धुळे-साक्रीकडचे लोक नवापूरमार्गे रस्त्याने जातात. गावातल्या दर गल्लीतलं एखादं घर तरी तिकडे आहेच. त्यामुळे आपल्याला सुरत परकी वाटत नाही आणि तिथेच आपण फसतो. मोठ्या माणसाला परकी वाटत नाही, कारण त्याला शेजारी भावकी मिळते. पोराला मात्र वर्गात फळ्यावर वेगळी लिपी दिसते.

सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात, त्यात मराठी माध्यमही आहे. ही फार मोठी सोय आहे आणि कितीतरी पालकांना ती गेल्यावर सहा महिन्यांनी कळते. तोपर्यंत शेजारच्या गल्लीतल्या कुठल्या तरी इंग्लिश मीडियमच्या शाळेत फी भरून झालेली असते. म्हणून म्हणते, रूम घेण्याआधी तुमच्या त्या काकाला एक काम सांगा : मराठी माध्यमाची शाळा कुठे आहे, पोराला पायी जाता येईल का, मध्ये मोठा रस्ता किंवा रेल्वे फाटक आहे का, ते स्वतः चालून बघ. पाचशे रुपये भाडं जास्त गेलं तरी चालेल, पण शाळा जवळची हवी. आई-वडील दोघं कामावर असतील तर पोराला पोचवायला कोण येणार?

माध्यमाबद्दल मला नेहमी विचारतात, तेव्हा स्पष्टच सांगते. चौथी-पाचवीतलं पोरगं असेल तर मराठी माध्यमातच ठेवा. वाचायला लागलेल्या मुलाला पुन्हा अक्षरओळखीवर बसवू नका. पहिली-दुसरीतलं असेल आणि तुम्ही कायमचे चालला असाल, तर गुजराती माध्यम वाईट नाही. हे वाचून काही मराठीप्रेमी मंडळी माझ्यावर रागावतील, रागावू देत. सहा वर्षांचं लेकरू गल्लीत ज्या भाषेत खेळणार आहे त्या भाषेत शिकलं तर बिघडत नाही, घरी मराठी-अहिराणी बोलत राहा म्हणजे झालं. आणि दोन वर्षांत परत यायचा विचार असेल तर डोळे झाकून मराठी माध्यम. एक लक्षात ठेवा, तिथल्या मराठी माध्यमातही पुस्तकं आपल्या बालभारतीची नसतात, गुजरात राज्याची असतात. शिवाय 2023 च्या कायद्याप्रमाणे गुजरातेत पहिली ते आठवी कोणत्याही माध्यमात गुजराती विषय शिकावाच लागतो. म्हणजे मराठी माध्यम घेतलं तरी लिपीची गाठ आहेच.

त्या लिपीची भीती मात्र घेऊ नका, ती सुटीतल्या एका महिन्यात येते. गुजरातीला शिरोरेघ नाही. रेघ काढून टाकली की ग, म, न, प, त, व ही अक्षरं आपल्या मुलांना लगेच ओळखू येतात. अडतात ती क, ख, च, ज, फ, ब, ल अशी अक्षरं, तेवढीच वहीत पक्की करून घ्या. आकडेही बरेचसे आपल्यासारखे. आपल्या स्टँडवर गुजरात एसटीच्या गाड्या येतात, त्यावरच्या पाट्या वाचायला लावा. नमकीनची पाकिटं, काकाने आणलेल्या साडीच्या खोक्यावरचं दुकानाचं नाव, सगळं चालतं.

आणि शिक्षकांनो, इथे एक गंमत सांगते, जी मला उशिरा कळली. वर्गात पोरगं "तुनं नाव काय शे" म्हणालं की आपण लगेच "तुझं नाव काय आहे" म्हणायला लावतो. वहीत 'शे' दिसला की लाल रेघ. पण तेच पोरगं सुरतेत गेल्यावर 'छे' ऐकतं आणि त्याला काही अडत नाही, 'शे' आणि 'छे' त्याला शेजारीच वाटतात. आपण अहिराणीत "रामनी माय" म्हणतो, गुजरातीत "रामनी मा". ग्रियर्सनने भारतातल्या भाषांच्या पाहणीत खान्देशी बोली मराठीच्या खंडात ठेवली नाही, 1907 च्या भिल्ली भाषांच्या भागात घातली. त्यावर वाद आहेत, ते अभ्यासक बघतील. मला वर्गापुरतं एवढं कळलं की अहिराणी बोलणारं पोरगं गुजरातीच्या दारात आधीच एक पाऊल टाकून असतं. प्रमाण मराठी शिकवायचीच, पण बोलीची लाज वाटेल असं शिकवलं तर जे भांडवल सोबत न्यायचं तेच आपण काढून घेतो.

वेळेचं सांगते. निघायचं असेल तर निकाल लागल्यावर, मे महिन्यात निघा. तिथली शाळाही जूनमध्येच सुरू होते. ते जमलं नाही तर दिवाळीची सुट्टी गाठा, गुजरातेत ती साधारण तीन आठवड्यांची असते, तेवढ्यात प्रवेशाची धावपळ होते. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किंवा जानेवारीत टेम्पो भरू नका. बापाला आधी जाऊ द्या, पोरं आणि आई सत्र संपल्यावर जातील. पोराला वर्षभर आजीकडे ठेवायचा पर्याय बरेच जण निवडतात. मला तो फारसा पटत नाही. आजी जेवू घालते, पण गृहपाठाची वही आणि ताप या दोन्हींना आई-बाप लागतात.

पुणे, चाकण, नाशिककडे जाणाऱ्यांना लिपीचा प्रश्न नाही, पण एक धोका आहे. पोराला 25 टक्क्यांतून मोफत प्रवेश मिळाला असेल तर ती जागा सामानासोबत येत नाही, हे प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच होतात. नवीन शहरात फी भरायची किंवा सरकारी शाळा बघायची, हे आधीच घरात बोलून घ्या. घरात आठवी-नववीचं मोठं भावंडं असेल आणि राज्य सोडायचं असेल तर अजून विचार करा. दहावी-बारावी कोणत्या राज्यात केली, यावर पुढे मेडिकलच्या राज्य कोट्याचा हक्क ठरतो. जातीच्या सवलतीही दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाहीत.

कागदांचं काम माझ्या मते एका दुपारचं आहे, फक्त ते निघायच्या आदल्या दिवशी करू नका. दाखला हातात आला की शाळेतच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, एकेक अक्षर आधार कार्डाशी जुळवा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक इथे असताना दुरुस्त होऊ शकते, सुरतेहून ती करायला चार खेपा पडतात. युडायसवरचा पोराचा पेन नंबर मोबाइलमध्ये आणि वहीतही लिहून घ्या, नवी शाळा त्याच नंबरावर त्याला आपल्याकडे ओढते. शिक्षकांनीही दाखला दिल्या दिवशी पोराचं नाव ड्रॉप बॉक्समध्ये टाकावं, नाहीतर तिकडे पोरगं वर्गात बसतं आणि संगणकावर इथेच राहतं.

गेल्या वर्षी एका चौथीतल्या मुलीची आई मार्चमध्येच सांगायला आली. असं पहिल्यांदाच घडलं. आम्ही महिनाभर रोज दहा मिनिटं गुजराती अक्षरं गिरवली, वर्गातली बाकीची मुलंही शिकली. जाताना मी दाखल्यासोबत नव्या बाईंसाठी अर्धं पान लिहून दिलं : वाचन चांगलं, भागाकारात अडते, मोठ्याने रागावलं की गप्प होते, गोष्ट सांगायला सांगा म्हणजे बोलेल. जूनच्या शेवटी आईचा फोन आला, तिकडच्या बाईंनी ते पान तिच्या फाइलला लावलंय म्हणे.

आणि हो, दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक सोबत न्या, दुसरी आजीच्या लोखंडी पेटीत ठेवा. आजोबांच्या नोंदी शोधत जात पडताळणीसाठी वणवण करणारे पालक आमच्याकडे दर महिन्याला येतात.