पोपटवाले आनंद शिंदे आणि आमचे आनंद शिंदे

आनंद शिंदे फार बदलले, असं हल्ली पुष्कळ जण कौतुकानं म्हणतात. कॅसेटवर पोपट गाणारा माणूस सिनेमात पोचला, टीव्हीवर मानानं बसतो, वगैरे. मी नांदेडात मंडप-लाउडस्पीकरचा धंदा केला आहे. मला हे काही पटत नाही. बदलले ते ऐकणारे.

ऐंशीच्या दशकात 'पोपट' या चावट गाण्याची कॅसेट आली आणि तिच्याशिवाय लग्नाची ऑर्डर मिळेना. नांदेड असो, उदगीर असो की औसा. वरातीतली पोरं भोंग्याखाली येऊन ओरडून फर्माईश करायची. गावचे प्रतिष्ठित मात्र मांडवामागं ॲम्प्लिफायरपाशी येऊन हळूच सांगायचे, "पंगत उठली की तेवढं लावा हो, पण आमचं नाव नका सांगू." फीत हेडमध्ये गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं, तोवर वरात खोळंबलेली आणि शिव्या आम्हाला.

हाच आवाज 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, आमच्या वस्तीत भीमगीतं गायचा. तिथं त्यांना कुणी पोपटवाला म्हणत नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून पेटलेल्या नामांतराच्या दंगलीत 1978 साली पोचीराम कांबळे मारले गेले ते याच जिल्ह्यात. त्याच नामांतरासाठी गौतम वाघमारेंनी 1993 साली स्वतःला पेटवून घेतलं तेही नांदेडातच. अशा ठिकाणी भीमगीत नुसती करमणूक कशी राहील? 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या रात्री पोरांनी मला भोंगे उतरवू दिले नाहीत. भाडं मागायची माझीही छाती झाली नाही.

शिंद्यांच्या घराला सगळं गायची सवय जुनीच. वडील प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. कव्वाली त्यांची, भीमगीतं त्यांची, आणि आषाढीला गावोगाव वाजणारं 'चंद्रभागेच्या तीरी'ही त्यांचंच. वारकरी डोलतात, गाणारा कोण, कुठल्या वस्तीतला, हे विचारतो कोण?

मग 2006 साली 'जत्रा' आला. अजय-अतुलचं संगीत, वैशाली सामंत जोडीला, आणि 'कोंबडी पळाली'. ते मात्र गच्चीवर, सोसायटीच्या गणपतीत, बायकापोरांसमोर उघड वाजलं. त्यात चावटपणा काय कमी होता? पण सिनेमाचा शिक्का बसला आणि सोवळं सुटलं. 2013 च्या 'दुनियादारी'त मुलगा आदर्श गायला तेव्हा तर कॉलेजची पोरं आडनाव विसरूनच गेली.

टिकून राहण्याचं श्रेय त्यांचं आहेच. मोबाइल आल्यावर कॅसेटवाले कितीतरी गायक आमच्या डोळ्यांदेखत बेकार झाले. पण त्यांच्या टिकण्याला 'सुधारले' म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि खरंच कौतुक असेल तर आमच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात भर श्रावणात त्यांची भीमगीतांची मैफल ठेवा, तिकीट लावून. पहिल्या रांगेत त्या प्रतिष्ठितांना बसवा. साउंड मी फुकट लावतो.