जुळले खरे, पण टिकेल का?



३१ डिसेंबर २०१३ हा दिवस सोलापूरकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. त्या दिवशी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. दोन्हींची वारंवारता आणि कला, म्हणजे चढउताराची वेळ, जुळल्याखेरीज अशी जोडणी करता येत नाही. जुळल्यावरही वाहिनीवर मर्यादेपलीकडे भार टाकला, तर ताल सुटतो.

अशीच जुळवणी रेडिओत आणि मोबाइलमध्ये ‘फेज लॉक्ड लूप’ हे लहानसे मंडल करते. त्यातील आंदोलकाची वारंवारता नियंत्रक दाबाने बदलते. आंदोलक मूळ संकेताच्या मागे पडला की कलेची तुलना करणारा भाग हा दाब वाढवतो. पुढे गेला की कमी करतो. पण या दाबालाही सीमा आहेत. मंडलाला ५ व्होल्ट पुरवले, तर तो ५ च्या वर कसा जाणार?

एक उदाहरण घ्या. समजा, दाब १ ते ४ व्होल्टच बदलू शकतो आणि वारंवारता त्याबरोबर ८५ ते ११५ किलोहर्ट्झ होते. आपल्याला ११३ हवी असेल, तर दाब ३.८ व्होल्ट लागेल. मंडल जुळेल. आता सोलापुरातला मे महिना आला. उष्णतेने आंदोलक ५ किलोहर्ट्झने मंदावला, तर ४.३ व्होल्ट लागतील. तेवढे मिळणार नाहीत आणि जुळणी तुटेल. १०० किलोहर्ट्झ हवी असती, तर २.५ ऐवजी ३ व्होल्टवर काम भागले असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ‘मंडल जुळले’ एवढे वहीत लिहून प्रयोग संपवू नये. शिक्षकांनी नियंत्रक दाब मोजायला लावावा, मूळ संकेताची वारंवारता दोन्ही बाजूंना सरकवून जुळणी कुठे तुटते ते पाहायला लावावे आणि गुण त्या नोंदीला द्यावेत. ‘एवढ्याने अभ्यासक्रम लांबेल’ अशी तक्रार होईल. पण मोजमापाला एक व्होल्टमीटर आणि थोडा वेळ पुरतो.

पडद्यावर स्थिर दिसणारी लहर मंडल आज चालते एवढेच सांगते. ते उन्हाळ्यातही चालेल का, हे नियंत्रक दाब सांगतो. यंत्र बनवणाऱ्याने दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा.