मुलाचा दिवस मुलाच्या हाती

पालकहो, शाळेची वेळ जवळ येताच आई मुलाच्या गुंड्या लावते, केस विंचरते, दप्तर भरते. काम लवकर उरकते हे खरे. परंतु आपला दिवस दुसऱ्या कोणी हाकावयाचा असतो, एवढेच मूल त्यातून शिकते. पुढे वसतिगृहात राहण्याची वेळ आली म्हणजे तेच मूल गोंधळून जाते.

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १९०८ सालापासून सिंदिया स्कूल आहे. तेथील निवासी विद्यार्थी रोज सायंकाळी मावळत्या सूर्यासमोर एकत्र बसून मौन पाळतात. या नेमास ‘अस्ताचल’ म्हणतात. ज्या बालकास घड्याळ कळत नाही, त्यासही मावळता सूर्य कळतो.

आपल्या घरीही अशीच एक खूण ठरवावी. सायंप्रार्थना झाली की मुलाने उद्याचे दप्तर स्वतः भरावे व गणवेश खुंटीस लावावा. पहिला आठवडा आपण शेजारी बसावे. हात मात्र लावू नये.

१९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत चौकटीवर ताणलेल्या कापडास गुंड्या असतात. मूल त्या पुनःपुन्हा लावते, सोडते; शिक्षिका थांबून राहते. हे थांबणेच आपणांस अवघड जाते.

एखादे दिवशी वही घरी राहील. ती घेऊन शाळेकडे धावू नका, रागेही भरू नका. सायंकाळी दप्तर भरताना एवढेच विचारा, ‘बाळ, आज काय राहिले होते?’ उत्तर तोच देईल, आणि वहीही तोच ठेवील.