डाव कोणाचा?

सोंगट्यांचा पट प्रथम कोणी शिवला, गंजिफांवर दशावतार कोणी रंगविले, बुद्धिबळातल्या घोड्याला अडीच घरांची चाल कोणी दिली, याची चौकशी आपल्या घरांतून कधी झाली नाही. पट उलगडला, कवड्या पडल्या की तो डाव ज्याच्या ओसरीवर मांडला त्याचा! खेळाला कर्ता असतो आणि त्याला नावासाठी, पैशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, ही गोष्ट आपल्या कानांना अजून थोडी नवीच वाटते. म्हणून अमेरिकेतील एका खेळाची हकीकत येथे सांगावीशी वाटते. ज्यांची नातवंडे पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी आहेत, त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव ऐकलेही असेल.

प्रथम खेळाविषयी. चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो. भुयाराचा नकाशा त्याने आडोसा करून आपल्यापुढे ठेवलेला असतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. सूत्रधार म्हणतो, समोर लोखंडी दार आहे, पलीकडून कुजबूज ऐकू येते. आता काय करता? खेळाडूने तोंडाने सांगावयाचे, आणि ते साधले की फसले हे फाशाने ठरवावयाचे. फासाही साधा नव्हे, वीस पैलूंचा! कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढच्या बैठकीला तिथून पुढे चालू. बुवांनी उत्तररंगात आख्यान लावावे आणि श्रोत्यांनीच उठून हरिश्चंद्राची आणि विश्वामित्राची भाषणे आपापल्या मनाने करावीत, असा काहीसा हा प्रकार आहे.

याचे मूळ शोधू गेल्यास आपण फिरून आपल्याच बुद्धिबळाशी येतो. १७८० साली जर्मनीत हेल्विग नावाच्या गृहस्थांनी बुद्धिबळाचा पट वाढवून त्याचा युद्धखेळ केला. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झ यांचा नकाशावरील युद्धखेळ स्वीकारला. आणि १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर पुस्तक लिहिले. तेथून हा नाद अमेरिकेतील हौशी मंडळींत पसरला. १९६९ च्या सुमारास मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातील एका गावाचा खेळ मांडला, आणि पलटणीऐवजी प्रत्येक खेळाडूला गावातील एकेक व्यक्ती वाटून दिली. खेळाडू आपसांत कारस्थाने करू लागले, सारा डाव सूत्रधाराच्या हाताबाहेर गेला. वेस्लींना वाटले, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा केव्हा?

त्या खेळाडूंतच डेव्ह आर्नेसन होते. वेस्ली सैन्यात गेल्यावर त्यांनी धागा उचलला आणि १९७१ साली ‘ब्लॅकमूर’ नावाच्या किल्ल्याच्या पोटात भुयारे खणली, अर्थात कागदावर. पात्राने एका डावात मिळविलेले बळ पुढच्या डावात टिकावे, ही युक्ती त्यांच्या मेजावर रुजली. लढाईच्या नियमांसाठी मात्र त्यांनी आरंभी एक छापील पुस्तिका जवळ केली होती. तिचे एक कर्ते विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गावचे गॅरी गायगॅक्स.

गायगॅक्स विमा कंपनीत नोकरीस होते. १९७० साली ती नोकरी गेली, तेव्हा हे गृहस्थ घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवीत आणि उरलेल्या वेळात नियम लिहीत. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी त्यांच्या घरी येऊन ब्लॅकमूरचा डाव मांडून दाखविला. त्यात काय आहे ते गायगॅक्स यांनी तत्काळ ओळखले, टिपणे मागविली आणि टंकलेखन यंत्रापुढे बैठक मारली. पदरचे पैसे घालून बालमित्र डॉन के यांच्यासह १९७३ च्या ऑक्टोबरात त्यांनी कंपनी काढली. १९७४ च्या जानेवारीत तीन पुस्तिका एका खोक्यात घालून दहा डॉलरला विक्रीस निघाल्या. प्रती १०००, खोकी घरीच भरलेली. मुखपृष्ठावर नावे दोन, गायगॅक्स आणि आर्नेसन.

पुढे एक नाव गळाले. १९७७ पासून ‘अॅडव्हान्स्ड’ हे विशेषण लावून खेळाची नवी, जाडजूड पुस्तके निघाली, त्यांवर कर्ता म्हणून एकटे गायगॅक्स. कंपनीचे म्हणणे असे की हा खेळ निराळा आहे, सबब आर्नेसन यांना त्याचे मानधन लागू नाही. १९७९ साली आर्नेसन कोर्टात गेले. १९८१ साली तडजोड झाली आणि त्यांचा वाटा मान्य झाला.

आता न्याय कोणाच्या बाजूने? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ सालीच, जमाखर्चाच्या एका पुस्तकाच्या वादात, ठरवून टाकले आहे की पद्धतीवर कोणाची मालकी नाही. ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर आहे. हिशेबाच्या वह्यांना हा न्याय ठीक आहे. परंतु जो खेळ घडतोच मुळी तोंडाने, त्याला तो लावला की ज्याने खेळविला तो रिकाम्या हाती राहतो आणि ज्याने लिहिला त्याला सर्व मिळते. गायगॅक्स यांचे श्रम आम्ही कमी लेखीत नाही. ते नसते तर ब्लॅकमूर ही मिनेसोटातील दहा-पाच मित्रांची करमणूक राहिली असती. पण आर्नेसन नसते तर गायगॅक्स यांनी आणखी एक युद्धखेळ लिहिला असता, इतकेच. घराण्याची चीज स्वरलिपीत उतरविणारा पंडित थोर खरा. म्हणून वहीच्या पहिल्या पानावरून खाँसाहेबांचे नाव खोडावे काय? नाव गाळणे हा अन्याय होता, असेच आमचे मत आहे.

आणि लिहिणाऱ्याला तरी सर्व कोठे लाभले? डॉन के १९७५ च्या जानेवारीत हृदयविकाराने वारले. कंपनीची नवी घडी बसविताना ब्लूम पितापुत्रांचा पैसा आला आणि बहुसंख्य भाग त्यांच्याकडे गेले. दहा वर्षांनी कंपनी कर्जात रुतली, तेव्हा कारभार सावरण्यासाठी गायगॅक्स यांनीच लोरेन विल्यम्स यांना आणले. ब्लूम बंधूंनी आपले भाग त्यांना विकले आणि १९८५ च्या ऑक्टोबरात गायगॅक्स अध्यक्षपदावरून दूर झाले. तेही कोर्टात गेले आणि हरले. ज्या ग्रेहॉक नगरीचा खेळ त्यांनी आपल्या मुलांना जवळ बसवून सुरू केला, ती नगरी कंपनीची मालमत्ता ठरली. १९९२ साली त्यांनी दुसऱ्या प्रकाशकाकडून अगदी नवा खेळ काढला, तर जुन्या कंपनीने त्यावरही दावा लावला. दोन वर्षांनी तो खेळ तडजोडीत त्याच कंपनीच्या कपाटात गेला. कागदाने एकाला बाजूला सारले होते. भागांच्या कागदाने दुसऱ्यालाही सारले. यात दैवाचा सूड वगैरे आम्हांला दिसत नाही. कायदा दोन्ही वेळी एकच प्रश्न विचारीत होता, आणि त्यात डाव कसा रंगला हा प्रश्न नव्हता.

१९९७ साली ती कंपनीच विकली गेली. नव्या मालकांनी दोघांशी जुना हिशेब मिटविला, आणि २००० सालच्या आवृत्तीत मूळ कर्ते म्हणून दोघांची नावे शेजारी शेजारी छापली. त्याच वर्षी नियमांचा गाभा इतरांनाही वापरण्याची मुभा दिली. २०२३ च्या जानेवारीत ती मुभा आखडती घेण्याचा घाट मालकांनी घातला. खेळणाऱ्यांनी असा गिल्ला केला की त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली आणि तो गाभा सर्वांना कायमचा खुला झाला. एवढ्यापुरता तरी हा डाव सोंगट्यांच्या पंगतीला येऊन बसला आहे.

गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजी वारले, आर्नेसन ७ एप्रिल २००९ रोजी. आर्नेसन अखेरच्या वर्षांत फ्लॉरिडातील फुल सेल या संस्थेत अध्यापन करीत. विषय होता, खेळाचे नियम कागदावर नेटके कसे लिहावेत.