मुक्तीच्या नावाने चाललेले कोंडवाडे

राधानगरी तालुक्यातील एका वाडीवर आम्ही एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. त्या घरच्या माउलीने तांदळाच्या डब्यामागून तीन कागद काढून आमच्यापुढे ठेवले. घरचा कर्ता मुलगा सकाळी उठल्याबरोबर घोटभर दारू पोटात गेल्यावाचून चहाचा कप सावरू शकत नव्हता. पहिला कागद एका केंद्राचा होता: गाडी घरी येईल, रुग्णाला उचलून नेईल, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, भेटीस मनाई. दुसऱ्यात एक पुडी होती, नकळत चहातून द्यायची. तिसरा एका प्रार्थना शिबिराचा होता, तेथे शपथ घ्यायची आणि त्याच दिवशी बाटली फोडायची. “यांतलं कुठलं बरं, तेवढं सांगा,” असे ती म्हणाली.

यांतले एकही बरे नाही, असे आम्ही तिला सांगितले. तिला ते निष्ठुर वाटले असेल.

शपथेला आमचा विरोध नाही. डब्लिनच्या मॅट टॅलबट या मजुराने 1884 साली शपथ घेतली आणि 1925 मध्ये मरेपर्यंत पाळली. परंतु त्याच्या उदाहरणावर हवाला ठेवून वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका रात्रीत तोडायला लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. दारू मेंदूला थोपवून धरते. तो दाब झुगारण्यासाठी मेंदू आपली चेतना वाढवीत जातो. दारू एकाएकी गेली की ही चेतना मोकाट सुटते. राधानगरी धरण भरले की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. देहाला तशी सोय नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट्स येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप आणि भयंकर थरथर सुरू होऊ शकते, आणि उपचार न झाल्यास त्यात माणूस दगावतो. अशा वेळी घरचे लोक ‘सैतान झोंबला’ म्हणून त्याला बांधून ठेवतात. त्याला खरे तर लोराझेपामसारखे औषध, थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि डोळ्यांत तेल घालून बसणारी परिचारिका हवी असते. वैद्याचा मान राखावा, असे बेन सिराच्या ग्रंथाचा 38वा अध्याय आपल्याला बजावतो. शिबिरांच्या व्यासपीठावरून तो अध्याय क्वचितच ऐकू येतो.

पुडीबद्दल अधिक काय लिहावे? तिच्यात डायसल्फिराम असेल आणि बेसावध माणूस वर प्याला, तर रक्तदाब कोसळून तो प्राणास मुकू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचे असते.

राहिला तो कोंडवाडा. 2001 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 साखळदंडाला स्पष्ट मनाई करतो. व्यसनाधीनांचा इलाज करणारी केंद्रेही त्याच्या कक्षेत येतात. त्यांना नोंदणी हवी, आणि रुग्णाला नातलगांशी बोलण्याचा, भेटण्याचा हक्क आहे. भेट नाकारणारे केंद्र काय लपवते, हा प्रश्न विचारायला आपल्या माणसांना संकोच का वाटावा? नोंदणीचा दाखला दाखवा म्हणावे. रात्री डॉक्टर कोण असतो, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, आणि मुख्य म्हणजे घरी परतल्यावर पुढे काय, हे विचारावे. देहातली दारू उतरायला आठवडाभर, फार तर दहा दिवस लागतात. तो उंबरठा आहे, घर पुढे आहे.

चांगली घरे आपल्याच राज्यात आहेत. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात उभारलेल्या मुक्तांगणात निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो, पाठपुरावा त्यानंतरही चालतो, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. फादर जो परेरा स्वतः दारूच्या विळख्यातून सुटलेले. त्यांनी 1981 साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनची सुरुवात केली.

त्या माउलीला आम्ही आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाची वाट दाखवली. पन्नासएक किलोमीटर, एसटीने अर्धा दिवस जातो. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांनी 14446 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून निदान विचारावे.

परंतु परत आल्यावर तो मुलगा बसणार कोठे? 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला एक खोली, दहा खुर्च्या आणि चहाची किटली पुरते. आमच्या धर्मग्रामांची सभागृहे लग्नाच्या स्वागत समारंभासाठी, म्हणजे बाटल्यांसाठीही, रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मंगळवारी सायंकाळी सात ते आठ त्यांची किल्ली कोणाकडे असते, ते पॅरिश कौन्सिलने आम्हांला कळवावे.