घर आमचे, बटण कोणाचे?

शेजाऱ्याने आपल्या फाटकाचा रिमोट दाबला आणि आपल्या घरची पाण्याची मोटर सुरू झाली, तर त्याला अपघात म्हणू नये. तो गुन्हा आहे. शेजाऱ्याचा त्यात काडीचा दोष नाही. दोषी आहे तो असले वायरलेस रिमोट-स्विच विकणारा आणि ते घराघरांत शिरू देणारा सरकारी कारभार. खालची टाकी कोरडी असताना रात्रभर मोटर फिरते, वाइंडिंग जळते. घरात कोणी नसताना गीझरचा सॉकेट चालू होतो. दुकानाचे शटर भलत्याच वेळी वर जाते. मग गिऱ्हाईक दुकानदाराकडे जाते आणि तेच ते उत्तर ऐकून परत येते : "सिग्नल मिक्स होतोय साहेब, पीस बदलून देतो."

पीस बदलून काय होणार? नवा पीसही त्याच अवलादीचा! खोका उघडून पाहा. आत एक बोटभर लांबीची हिरवी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या तारेची चार वेढ्यांची गुंडाळी आणि दोन-चार ट्रान्झिस्टर. हा झाला रिसीव्हर. एडविन आर्मस्ट्राँगने १९२२ साली जगापुढे मांडलेल्या सुपररिजनरेटिव्ह जोडणीचा हा सर्वांत स्वस्त अवतार. आर्मस्ट्राँगची युक्ती अव्वल होती, यात वाद नाही. पण या जोडणीला निवड करता येत नाही. ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवरचा आपला रिमोट तिला ऐकू येतो, तसा आजूबाजूच्या रुंद पट्ट्यातला सगळा गलबलाही ऐकू येतो. जवळ एखादा जोरकस प्रक्षेपक सुरू झाला की ती बहिरी होते. मग घरमालकाने बटण कितीही दाबावे, मोटर बंद होत नाही. चालू झालेली मोटर बंद न होणे म्हणजे काय, हे ज्याच्या जिन्यावरून पाणी वाहिले आहे त्याला विचारा.

याहून भयंकर प्रकार कोडचा. जुन्या धाटणीच्या रिमोटमधल्या चिपला पत्त्यासाठी आठ पाय असतात, प्रत्येकाच्या तीन स्थिती. म्हणजे सगळे मिळून ६,५६१ पत्ते. तेवढेही पुष्कळ झाले असते! पण कित्येक उत्पादक ते पाय जोडण्याचीही तसदी घेत नाहीत, सगळे मोकळे सोडतात आणि हजारो नग एकाच पत्त्याने बाजारात ओततात. एका किल्लीने अख्ख्या गल्लीची कुलुपे उघडावीत, तशी ही विक्री आहे. दर दाबण्यासरशी बदलणारा रोलिंग कोड १९९०च्या दशकापासून मोटारींच्या किल्ल्यांत वापरला जातो. तो ठाऊक असून, चार पैसे वाचावेत म्हणून, तुमच्याआमच्या घरातल्या विजेवर जुना अचल कोड बसवला जातो. याला आम्ही लबाडी म्हणतो.

भिंतीतूनही शत्रू येतो. स्वस्त एलईडी दिव्याच्या बुडाशी जो ड्रायव्हर असतो, त्यात गाळणी बसवली नाही तर तो दिवा प्रकाशासोबत रेडिओ-कचराही फेकतो. अमेरिकेतले गॅरेजदाराच्या यंत्रांचे उत्पादक स्वतःच ग्राहकांना बजावतात की भलता एलईडी दिवा यंत्राजवळ लावाल, तर रिमोटचा पल्ला घटेल. आमच्या दुकानात असे बजावणारा कोणी भेटला आहे काय?

आता सरकारकडे वळू. हे रिमोट ज्यांत चालतात त्या परवानामुक्त पट्ट्यांचे नियम स्पष्ट आहेत : दुसऱ्याला त्रास देऊ नये, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागू नये. खेळण्यातल्या मोटारीला हा नियम ठीक आहे. तोच नियम दोन किलोवॅटच्या गीझरला लावणे ही बेफिकिरी आहे. उपकरणाला मान्यता देताना पाहिले जाते ते मुख्यतः प्रक्षेपक किती जोराने आणि कुठल्या कंप्रतेवर बोलतो. ऐकणारा कान परक्या हुकमाला बळी पडतो का, हे कोण पाहतो? १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याच्या जागी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आणला. पण ज्याची मोटर जळली त्या माणसाने दाद मागायची कुणाकडे, हे आजही त्याला कोणी धड सांगत नाही. उपग्रहांच्या लहरींवर पाळत ठेवणारे केंद्र या देशाने आमच्याच जालन्याला उभारले आहे. आकाशातले ऐकण्याची ज्यांची ऐपत आहे, त्यांनी चौथ्या मजल्यावरचा तक्रारदार ऐकलाच पाहिजे!

त्रास कुठून येतो याचा शोध लागत नाही, ही सबब आम्हांला मान्य नाही. २०१९ साली अमेरिकेत ओहायोतल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावी मोटारींच्या किल्ल्या आणि गॅरेजची दारे आठवडेच्या आठवडे मुकी झाली. वीज कंपनीची माणसे आणि रेडिओचे जाणकार अँटेना घेऊन रस्तोरस्ती फिरले, तेव्हा ३१५ मेगाहर्ट्‌झवर अखंड बोलणारे एक घरगुती यंत्र सापडले. घरात वर कोणी आहे का, हे कळावे म्हणून एका रहिवाशाने बॅटरीवर चालणारे ते यंत्र बनवले होते. त्याच्या मनात पाप नव्हते. वेल्समधल्या अबरहोसान खेड्याचे ब्रॉडबँड दीड वर्ष रोज सकाळी सातला कोसळत होते. २०२०मध्ये कारण उघड झाले, एक जुना टीव्ही. शोधणारे घराबाहेर पडले, म्हणून सापडले.

आमची मागणी दूरसंचार विभागाकडे आहे आणि ती आजची आहे. पाणी, उष्णता आणि दार यांवर हुकूम चालवणाऱ्या प्रत्येक वायरलेस उपकरणात बदलता कोड सक्तीचा करा. रिसीव्हरची चाचणी प्रक्षेपकाइतकीच कडक करा. रिमोट मेला तरी चालेल असा हाताचा स्विच आणि ठरल्या वेळेने आपोआप बंद होणारा टायमर असल्याशिवाय एकही नग विकू देऊ नका. आणि या अटींत न बसणारा परदेशी माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत पोहोचल्यावर पकडण्याचा देखावा नको. न्हावाशेवा बंदरात कंटेनर उतरतो, तिथेच तो अडवा.